भुशाची जागा

बालाघाटच्या मैदानावर प्रेमलालनं एकतीस वर्षं पिच बनवलं. काळी माती तो स्वतः चाळायचा. चाळून झालेल्या ढिगात एक खडा दिसला तर सगळा ढीग पुन्हा चाळणीवर. रोलर ओढायला चार माणसं लागत. तीन आली तर काम चाले. दोनच आली तर तो रोलरला हात लावू देत नसे, कारण दोघांच्या ओढीनं रोलर वाकडा जातो. पिचजवळ चप्पल घालून कोणी येऊ शकत नव्हतं, मोठा साहेब असला तरी. आणि सामना सुरू झाला की प्रेमलाल मैदानाकडे पाठ करून बसे. चेंडू सरळ उसळला की बॅटचा आवाज खणखणीत येतो. तेवढा आवाज ऐकून त्याचं समाधान होई.

पण गावाला त्याची एकतीस वर्षं आठवत नव्हती. एक दिवस आठवत होता.

बावीस वर्षांपूर्वी बालाघाट आणि गोंदियाची फायनल होती. गोंदियाहून राजेगावच्या रस्त्यानं ट्रक भरभरून लोक आले होते. पहाटेपर्यंत अवकाळी पाऊस पडला आणि पिचचा चिखल झाला. प्रेमलालनं राइस मिलमधून दोन बैलगाड्या धानाचा भुसा आणला आणि सगळ्या पिचवर हातभर जाड पसरला. दहा वाजता झाडून काढला. माती वरून पांढरी, कोरडी दिसत होती. "वाळलं," तो म्हणाला. तिसऱ्याच ओव्हरमध्ये चेंडू एकदम उसळला आणि बालाघाटच्या मोहितच्या तोंडावर बसला. दोन दात पडले. सामना बंद झाला, कप कपाटातच राहिला.

त्या दिवसापासून त्याचं नाव भुसा पडलं. चूक भुशाची होती का, पावसाची, का नशिबाची, हे त्याला कधी ठरवता आलं नाही. भुसा त्यानं स्वतः मुठीनं पिळून पाहिला होता. त्यातून पाणी निघालं होतं. मग काम चुकलं कुठं? हार्डवेअरचं दुकान काढलेल्या मोहितसमोरून जायची वेळ आली की तो रस्ता ओलांडून पलीकडून जाई.

मुलगी श्रुतिका नर्स होऊन इंग्लंडला गेली. दोन वर्षांनी तिनं बापाला तीन महिन्यांसाठी बोलावलं. बायको पुष्पलता गेली नाही. "म्हशीले कोन पाह्यन?" म्हणाली.

चहाच्या टपरीवर नथ्थू म्हणाला, "भुसा, विलायतेले चालला? एक पोतं संग घेऊन जाजो. तिकडं पानी लई पडते म्हन्ते."

प्रेमलालनं चहा संपवला आणि उठला.

श्रुतिकाला शनिवार-रविवार सुटी असे. दर सुटीला ती त्याला कुठेतरी नेई. एकदा समुद्र, एकदा मोठं चर्च, एकदा डोंगर. डोंगरात कोसन्‌कोस दगडी भिंती होत्या, चुना नाही, सिमेंट नाही. प्रेमलाल एका भिंतीपुढे अर्धा तास उभा राहिला. एक दगड हलवून पाहिला. हलला नाही.

"बाबा, पुढं किल्ला हाय, चला न."

"किल्ला राजानं बांधला असंन. हे कोनं बांधलं?"

"शेतकऱ्यायनं. दोन-तीनशे वर्षं झाले."

"दोनशे वर्षं," तो म्हणाला आणि हात मागं घेतला. देवळात पाया पडून घेतात तसा.

मे महिन्यात, एका रविवारी, ती त्याला काउंटी क्रिकेटचा सामना पाहायला घेऊन गेली. नेमका सकाळी पाऊस आला. सगळ्यांच्या आधी प्रेमलालची नजर पिचकडे गेली. सात-आठ माणसं धावत आली आणि त्यांनी चाकांवरचं लोखंडी छप्पर ढकलत पिचवर नेऊन ठेवलं. पाऊस थांबल्यावर एक माणूस फोमचा रोलर असलेलं यंत्र घेऊन फिरू लागला. गवतातलं पाणी ते यंत्र पिऊन घेई आणि सीमेबाहेर ओकून येई. बाकीचे लांब दोरखंड दोन टोकांना धरून गवतावरून ओढत होते, पाण्याचे थेंब झाडायला. दोन तास कोणी बसलं नाही. कोणी कोणाला ओरडलं नाही. प्रेमलालनं आणलेला पराठा तसाच मांडीवर राहिला.

शेवटी छप्पर बाहेर गेलं आणि टाळ्या वाजल्या. पायांवर ब्लँकेट घेतलेली म्हातारी माणसं, थर्मास बाजूला ठेवून, टाळ्या वाजवत होती.

"कोन आउट झाला?"

"कोनीच नाई, बाबा. खेळ तं सुरूच नाई झाला. ग्राउंडवाल्यायसाठी वाजवून राह्यले."

प्रेमलालला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. त्यानं आजूबाजूला पाहिलं. खरोखरच मैदानात दुसरं कोणी नव्हतं. मग तो उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. बाकीच्यांच्या थांबल्या तरी त्याच्या चालू होत्या. श्रुतिकानं कोट ओढून त्याला खाली बसवलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो मैदानाकडे तोंड करून सामना पाहायला बसला.

चहाच्या सुटीपर्यंत लख्ख ऊन पडलं. लोकांना गवतावर फिरायला सोडलं. तिथं तशी रीत आहे. प्रेमलालनं सीमेच्या दोरीशी बूट काढले, मोजे काढले, बूट हातात घेतले आणि अनवाणी निघाला. गवत बर्फासारखं होतं.

एका बाईनं श्रुतिकाला काही विचारलं. "बूट चावतात का, म्हन्ते," श्रुतिका म्हणाली. "बाबा, घाला न. सारे पाहून राह्यले."

"पाहू दे. ग्राउंड हाय."

पिचभोवती दोरी बांधली होती. दोरीच्या आत साठीचा एक माणूस गुडघ्यावर बसला होता. प्रेमलालनं आधी त्याची नखं पाहिली. काळी होती. त्याच्याजवळ बादली होती आणि बादलीत लाकडाचा भुसा. बॉलरचा पाय जिथे आपटतो त्या खड्ड्यात तो मूठ-मूठ टाकत होता.

"भुसा! बेटा, हे लोकही भुसा टाकतेत!" बावीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं त्याला झालं. नथ्थूला काय सांगायचं तेही मनात जुळलं.

पण पुरी नजर टाकल्याशिवाय तो कधी काम सोडत नसे. त्यानं पिच या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. चेंडू जिथे टप्पा घेतो तिथे भुशाचा एक कण नव्हता.

"त्याले विचार, मधात काहून नाई टाकला?"

श्रुतिकानं विचारलं. तो माणूस हसला नाही. अनवाणी पायांकडे एकदा पाहून उठला, दोरीपाशी आला आणि हातांनी दाखवत सावकाश बोलला.

"तो म्हन्ते, पाय घसरू नये म्हणून भुसा. पिचवर टाकला तर वरचं पानी पेते, पण ऊन-वारा अडवते. वरून वाळल्यासारखं दिसते, खाली ओलंच राह्यते. मग बॉल कुठं उडंन, नेम नाई."

पायाला थंडी लागत होती, पण प्रेमलाल तसाच उभा होता.

"त्याले सांग," तो शेवटी म्हणाला, "मी एकतीस वर्षं हेच काम केलं. अन् हे मले आज समजलं."

श्रुतिकानं सांगितलं. त्या माणसानं हात पॅंटला पुसला आणि दोरीवरून पुढे केला.

जूनच्या शेवटी प्रेमलाल बालाघाटला परतला. दुसऱ्या दिवशी तो टपरीवर गेला नाही. रस्ता न ओलांडता सरळ मोहितच्या दुकानाशी गेला आणि पायरीवर चपला काढल्या.

"काका? चपला काहून काढल्या? दुकान हाय, मंदिर नोहे."

"मोहित, भुसा बरोबर होता. जागा चुकली. टप्प्यावर टाकाले नोको होता. खाली ओल राह्यली. तुहे दात मह्या चुकीनं गेले."

मोहितनं खिळ्यांचा पुडा खाली ठेवला. मग जिभेनं पुढचे दोन नकली दात हलवून पाहिले, सवयीनं.

"मले तं तवाच मालूम होतं. खेळाच्या आधी मी पिचवर अंगठा दाबून पाह्यलता, तो रुतला. गिल्लं होतं."

"मंग उतरला काहून?"

"तुमी म्हटलं न, वाळलं. तुमी म्हटल्यावर कोन अंगठ्याचं ऐकते?"

प्रेमलाल पायरीवर बसला. तीन माणसं, चार माणसं, चाळणीतला खडा, सगळं एकदम आठवलं. एवढा भरवसा कोणी आपल्यावर ठेवला होता, हे त्याला आज कळत होतं.

"गिल्लं होतं तं सांगाचं होतं, बेटा."

"कोनाले? तुमाले?" मोहित म्हणाला आणि मोठ्यानं हसला. "माह्ये चार दात पाडले असते तुमी!"

मग त्यानं दोन चहा सांगितले, आणि प्रेमलाल चहा येईपर्यंत तिथंच बसला, रस्त्याकडे तोंड करून.