"कोंडात ने रे मला!"

घाटावरून महाडच्या दवाखान्यात नोकरीला आलो, तेव्हा माझ्या अंगात अक्कल सोडून बाकी सगळं होतं. काम रोग्यांची सेवा करण्याचं. पण दंगेखोर रोग्यांना कोंडायच्या मागच्या खोलीची किल्ली कमरेला लटकली आणि मी स्वतःला किल्लेदार समजू लागलो. डोकं फिरलेल्या माणसाला दवाखान्यात काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवत. शांत राहिला तर घरी. दंगा केला तर दासगावच्या बंदरातून बोटीने थेट वेड्यांच्या इस्पितळात. तिथून परत आलेला माणूस महाडात कुणी पाहिला नव्हता.

आमच्या नर्सबाई नगरकडच्या. "कोंडून माणूस शहाणा होत असता, तर तुरुंगातून पंडितच बाहेर पडले असते," असं मला ऐकवत. मात्र एखादा आडदांड आला की पहिली हाक त्यांचीच, "अरे, किल्ली आण लवकर!"

एकदा पोलादपूरकडच्या एका शेतकऱ्याला त्याची बायको घेऊन आली. भाऊ वारल्यापासून तो फक्त म्हशींशी बोलायचा. आमच्या पडवीत गप्प बसून असे, आणि डॉक्टर त्याला दुसऱ्या दिवशी सोडणार होते. पण बायको बाजारात गेली आणि गडी कासावीस झाला. माझा हात धरून म्हणाला, "कोंडात ने रे मला! कोंडात बरं वाटंल."

मी हरखलोच. "ऐकलंत बाई? स्वतः मागतोय!"

मी त्याला मोठ्या इतमामाने आत नेलं आणि कुलूप घातलं.

मग जे सुरू झालं! दारावर लाथा, आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. डॉक्टर धावत आले. म्हणाले, "हा तर दांडगाई करतो. उद्या बोटीवर चढवा."

एवढ्यात बायको परतली. मी तिला समजावलं, "अहो, 'कोंडात ने' असं तेच म्हणाले."

तिने कपाळावर हात मारला. "अरे दादा, कोंड म्हंजे आमची वाडी रे! घरी ने म्हनत व्हते ते!"

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू नजरेखाली ठेवायचा माणूस बदलला असावा. दार उघडवून त्यांनी शेतकऱ्याला विचारलं, "लाथा का मारल्यास?"

"मंग काय करू? घरी नेतो म्हनून ह्यानं खोलीत घातला. डाक्टर, तुमाला कोंडला तर तुमी आरती म्हनाल काय?"

डॉक्टर इतके हसले की चष्मा पुसावा लागला. "आजच घरी ने याला," ते बायकोला म्हणाले.

निघताना तो नर्सबाईंच्या कानाशी लागला. "बाय, ह्या पोराला जरा मोकळ्यावर बसवा. सारखा कुलपापाशी राहून बिघडलाय, दुसरं काय नाय."

बाईंनी रोग्याचा सल्ला शब्दशः मानला. किल्ली त्यांच्याकडे गेली, आणि मी विहिरीपाशी उघड्यावर पट्ट्या धुवायला बसलो.