आईच्या मानेचे मार्क

माझ्या आईची मान डावीकडे वळत नाही. त्या बाजूनं कोणी हाक मारली की ती अख्खी फिरते, बैलगाडी वळवावी तशी. तरी सोयाबीन सोंगायला जाते आणि येताना डोक्यावर चाऱ्याचा भारा आणते. माझं ऐकत नाही. निदान दवाखान्यातल्या कोणी तरी ‘ओझं बंद’ म्हणावं, एवढ्यासाठी मी तिला किन्हीराजाहून वाशिमला नेलं. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसून माझीही मान धरली होती, म्हणून दोघींचे केसपेपर काढले.

मानेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोघींकडून एकच प्रश्नावली भरून घेतली, आधी आईकडून. त्रास जास्त तर मार्क जास्त.

“मानेमुळे वाचताना त्रास होतो?”

“मले वाचताच येत नाई,” आई म्हणाली.

बाईंनी शून्य टाकलं. गाडी चालवताना? “माह्या बापानं नाई चालवली!” शून्य. करमणूक करताना? “ते काय असते?” आईनं मलाच विचारलं. पुन्हा शून्य. माझं डोकं तापलं. अहो, भारा घेऊन बांधावरून चालताना काय होतं ते विचारा ना! दिवसभर वाकून निंदल्यावर रात्री कूस बदलता येते का, विचारा! त्या कागदाला शेतच माहीत नव्हतं.

शेवटी एक कामाचा प्रश्न आला. “जड वस्तू उचलता येतात?”

आई ताठ बसली. “काहून नाई येत? सारं काम होते मले!”

मी कपाळावर हात मारला. गावात मजूर बायांची टोळी जमवणारी बाई हेच विचारते, आणि ‘होत नाही’ म्हणणारीला उद्या कोणी बोलावत नाही. आईनं तेच जन्माचं उत्तर इथंही दिलं. मी मध्ये बोलले तर बाई म्हणाल्या, “पेशंटलाच सांगू द्या.”

आईला त्रास किरकोळ निघाला. मला जास्त, कारण मी वाचते, स्कूटी चालवते, सिनेमा बघते. मला मानेचा पट्टा आणि ओझ्याला बंदी. आईला, “नेहमीची कामं चालू द्या.” मी भांडले, अख्खा दवाखाना बघायला लागला. बाईंचं एकच, “मार्कच तसे आलेत, मी काय करू?”

मालेगावात गाडी बदलताना तांदळाची थैली घेतली होती. गावच्या फाट्यावर उतरून, धुमसतच, मी ती उचलली. आईनं हिसकून घेतली आणि डोक्यावर ठेवली.

“सोड. तुही मान जास्त खराब हाय. त्या बाईनंच सांगतलं.”

आणि चालू लागली. मी मागून ओरडत राहिले. तिनं वळून पाहिलं नाही. तिला वळून पाहता येत नाही.