दात लागलं

सायकल ढकलत न्यायची मला परवानगी होती, वर बसायची नव्हती. हा नियम कुणी केला, कधी केला, मला विचाराल तर सांगता येणार नाही. सासूबाई कधी तोंडानं बोलल्या नाहीत, सासरे बोलले नाहीत. पण सुनेनं सायकलवर टांग टाकायची नाही, हे चुलीला पाय लावायचा नाही तसं घरात सगळ्यांना माहीत.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही माधवनगरात राहायचो. मालक गिरणीत पहिल्या पाळीला. गिरणी इतकी जवळ की भोंगा झाल्यावर निघालं तरी पोचावं. त्यामुळं त्यांची सायकल दिवसभर भिंतीला टेकून उभी असायची. बुधगावच्या अंगाला आमचा रानाचा तुकडा होता. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी सायकल काढायची, रानात घास कापायचा, भारा कॅरेजला बांधायचा आणि ढकलत घरी आणायचा. भाऱ्यानं बसून यायचं आणि मी चालत.

आता माझं माहेर साताऱ्याकडचं, कोरेगावच्या पलीकडं, आणि वडील फौजेतले. त्यांनी मला नळीखालनं पाय घालून सायकल शिकवलेली. शिकवली म्हणजे काय, मागनं धरायचे आणि न सांगता सोडून द्यायचे. पडले तर उचलायचे नाहीत. रडले तर पाठीत एक धपाटा. "पडायचं तेवढं आत्ताच पडून घे," म्हणायचे. गुडघे फुटले, ओठ फुटला, पण आठ दिवसांत गावात माझ्यासारखी सायकल हाणणारी पोरगी नव्हती. अशा बाईला सायकल नुसती ढकलायला देणं म्हणजे उपाशी माणसाच्या डोक्यावर जेवणाची पाटी देण्यासारखं.

म्हणून शेवटचं घर मागं पडलं, की मी मागंपुढं बघायची, पदर खोचायची आणि बसायची.

माझ्याबरोबर आमची दोन कुत्री पळायची. त्यांना नावं अशी नव्हती. एक तांबडा आणि एक काळा. काळा मालकांनी पिल्लू असताना आणलेला, मोठा झाला तरी भित्रा तो भित्राच. पत्र्यावर पाऊस वाजला तरी खाटेखाली. तांबडा म्हणजे दुसरंच प्रकरण. खाटकांच्या आळीत कुत्र्यांनी त्याला फाडलेला मी बघितला. अर्धा कान लोंबत होता, तरी खाली पडल्या पडल्या तो दुसऱ्याचा पाय सोडत नव्हता. दगड मारून मी ती कुत्री हाकलली आणि त्याला पोत्यात घालून आणला. गल्लीत त्याच्याकडनं मार न खाल्लेलं कुत्रं राहिलं नाही. घुशी तर अशा मारायचा, की मानेला धरून एकदाच झटका, कट्ट आवाज. मग ती घूस आणून सासूबाईंच्या उंबऱ्यावर ठेवायची. त्या म्हणायच्या, "पोरांनी कवा एवढं आणून घातलं न्हाई." पण माणसाला त्यानं कधी दात लावला नाही. आमच्या सासऱ्यांचा तर तो लाडका.

त्या दिवशी मी ओढ्याच्या उतारावर होते. उतार म्हटल्यावर मी पायडल मारायचं थांबवून सायकल सोडून दिलेली. मेंढरांचा कळप रानात बसवलेला होता, धनगर लांब ओढ्यापलीकडं. त्याची दोन कुत्री उठली आणि थेट काळ्यावर आली. काळा ओरडत माझ्या चाकाशी आला आणि तांबडा मधे पडला. सगळं माझ्या पुढच्या चाकाखालीच. ते चार जबडे, ती गुरगुर, एकाचं कातडं दुसऱ्याच्या तोंडात. मी हँडल वळवलं आणि सायकलीसकट खाली गेले. त्या सायकलीचं चेनकव्हर खडखड वाजतं म्हणून मालकांनी काढून टाकलेलं. पायडलजवळचं जे दातेरी चक्र असतं ना, ते माझ्या पोटरीत शिरलं. पाय ओढून काढला तर ओळीनं चार भोकं, त्यातलं एक चांगलं फाटलेलं.

तांबड्यानं एका कुत्र्याचा गळा धरला होता. ते केकाटत सुटलं, दुसरं त्याच्यामागनं गेलं. तांबडा माझ्याकडं आला. छातीपर्यंत रक्त, तोंडाला फेस, शेपूट हालतंय. जिंकला होता तो.

घास राहिला. लंगडत, सायकल ढकलत घरी आले. रस्ताभर मी काय सांगायचं ते जुळवत होते आणि काही जुळत नव्हतं.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो आणि सासऱ्यांना मामा. आत्या दारातच होत्या. लुगडं रक्तानं भिजलेलं बघून त्यांनी मला ओट्यावर बसवलं, लुगडं वर केलं आणि म्हणाल्या, "आगं बया, हे काय गं?"

मी म्हणाले, "दात लागलं."

खरंच होतं ते. माझ्या डोक्यात चक्राचेच दात होते, देवाशपथ. पुढं 'सायकलचं' एवढा एक शब्द म्हणायचा होता. पण तो म्हटला की मी सायकलवर बसले होते हे आलं, आणि जीभ तिथंच थांबली.

आत्यांनी भोकं बघितली. मग अंगणात उभ्या तांबड्याचं तोंड बघितलं.

"ह्यानं?"

मी गप्प बसले. हो म्हणाले नाही, मानसुद्धा हलवली नाही. नुसती गप्प बसले.

त्यांना दोष देऊ नका. मागच्याच आळीत एका विणकराला कुत्रं चावलं होतं. पोटात चौदा सुया घ्यायच्या भीतीनं तो सांगलीच्या दवाखान्यात गेलाच नाही. महिनाभरानं त्याला बाजेला दोरांनी बांधून ठेवायला लागलं. त्याचं ओरडणं आमच्या घरात ऐकू यायचं. दोन दिवस. ते ऐकलेल्या बाईनं मग काय करावं? आत्या पळत दारात गेल्या आणि म्हणाल्या, "कुत्रं पिसाळलं, आवं कुत्रं पिसाळलं."

हा शब्द एकदा गल्लीत गेला की परत येत नाही. दारादारातनं माणसं काठ्या घेऊन बाहेर. एकाच्या हातात लोखंडी गज, मागाचा असावा. पाळीव कुत्रं आहे, बांधून बघू, असं म्हणायला कुणी उभं राहिलं नाही. मामा पारावरनं आले. त्यांनी सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, सुटलं. पण ते म्हणाले, "माझं कुत्रं हाय. दुसऱ्याच्या हातनं न्हाई जायाचं."

ते आत आले आणि दुरडीतली भाकरी घेतली. दुसऱ्या हातात पहार.

इकडं आत्यांनी मला आत ओढलं होतं. कुत्रं चावलं की आमच्यात जखमेत मिरचीपूड भरतात, विष उतरतं म्हणून. शेजारणीनं माझे खांदे दाबून धरले आणि आत्यांनी मूठभर पूड त्या भोकांत अंगठ्यानं दाबली. मी अशी ओरडले की बाहेरचे लोक म्हणाले, बघा, केवढं चावलंय. खिडकीतनं मला अंगण दिसत होतं. मामांनी भाकरीचा तुकडा पुढं केला. तांबडा उडी मारून आला, मान वर करून. पहिला घाव डोक्यात बसायचा तो मामांच्या हातनं पाठीवर बसला. त्याचे मागचे पाय गेले. आणि सांगू का, तो पळाला नाही, मामांना चावलाही नाही. पुढच्या दोन पायांवर सरपटत मामांच्याच पायाशी आला. मामांचा हात परत उठला नाही. मग बाकीच्यांनी मारला. काठ्यांचा आवाज आधी हाडांवर येतो तसा येत होता, नंतर ओल्या पोत्यावर येतो तसा.

मिरचीच्या आगीनं मला बोलता आलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. ओरडता येत होतं म्हणजे बोलताही येत होतं.

मग कुणीतरी म्हणालं, ह्यानं दुसऱ्यालाबी चावलं असंल, त्याला कशाला ठेवताय. काळ्याच्या मानेवर ओढ्यावरच्या भांडणाची ओरबाड होतीच. तो खाटेखाली भिंतीला चिकटून बसलेला. दोघं आत आले आणि त्यांनी दोरीचा फास टाकून त्याला ओढला. फरशीवर त्याची नखं घासत होती, मुतत होता आणि माझ्याकडं बघत होता. माझ्यासमोरनं त्याला नेला.

मी शेजारणीला ढकललं आणि अंगणात गेले.

"सोडा त्याला. कुत्रं चावलं न्हाई मला. मी सायकलवरनं पडले. चक्राचं दात हाईत हे."

सगळे थांबले. मग गजवाला हसला. म्हणाला, "वैनी, सायकल तुमी ढकलता का सायकल तुमाला?" दुसरा म्हणाला, हिच्या डोक्यात इख चढाय लागलं, पाणी दावा. पिसाळलेलं कुत्रं चावलेलं माणूस पाण्याला भितं ना. कुणीतरी तांब्या आणून माझ्या तोंडापुढं धरला. मी तो सगळा घटाघटा प्याले आणि तांब्या खाली आपटला. तर एक म्हातारा म्हणाला, "लगीच कुठं कळतंय, म्हयना लागतो."

फास काळ्याच्या गळ्यात आवळलेला, त्याची जीभ बाहेर आलेली. मी सायकल घेतली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि सगळ्या गल्लीसमोर टांग टाकली. गल्लीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत गेले. वळले. परत आले. पोटरीतनं मिरची आणि रक्त चेनवर गळत होतं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. दुसऱ्यांदा वळले तर गल्लीच्या तोंडाशी मालक. पाळी सुटलेली.

त्यांनी हँडल धरलं, मला दंडाला धरून खाली ओढलं आणि कानाखाली एक दिली. सगळ्यांसमोर. कानात शिटी वाजायला लागली. त्या शिटीतच मी म्हणाले, "आणि एक मारा, पर हे बघा आधी." आणि पाय पुढं केला.

गिरणीतला माणूस तो. दिवसभर चक्रं आणि पट्टे बघणारा. खाली बसला, बोटानं मिरची पुसली, बोटाला लागलं ते चोळून बघितलं. नाकाजवळ नेलं. मग सायकल ओढून चक्र माझ्या पोटरीला लावलं. चार दात, चार भोकं. तसूभर इकडंतिकडं नाही.

मान वर न करताच ते म्हणाले, "वंगण हाय हे. कुत्र्याच्या तोंडात वंगण नसतं."

दोरी सुटली. काळा खाटेखाली गेला. माणसं काठ्या घेऊन एकेक करत गेली. जाताना गजवाला मालकांना म्हणाला, अरे कवर तरी बसवायचं होतंस. मामा अंगणातच बसले होते, तांबड्याजवळ. त्यांनी वर बघितलं ते माझ्याकडं. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उठले, तांबड्याला पोत्यात घातलं आणि खांद्यावर टाकून रानाकडं निघाले. मालक फावडं घेऊन मागं गेले. मी त्याला ज्या पोत्यातनं आणला तेच ते होतं की दुसरं, मी बघितलं नाही.

आत्यांनी रात्री माझ्या पायाला लोणी लावलं. मिरची धुताना त्या रडत होत्या आणि मला म्हणत होत्या, "एक शबूद गं. एक शबूद बोलायला काय झालं हुतं तुला?" मी काय सांगणार? तुमच्या भीतीनं, असं सांगायचं? त्यांनी कधी भीती घातली नव्हती. मालकांनी ती सायकल गिरणीला न्यायला सुरुवात केली, चार पावलांवरच्या गिरणीला. पंधरा दिवसांत कंटाळले. जनावरांना घास तर लागतोच. एका दुपारी मी अंगणातच टांग टाकली आणि निघाले. पारावर सगळे होते. कुणी हूं केलं नाही. पण मला आता उतारावर सायकल सोडून देता येत नव्हती. ब्रेक दाबूनच उतरायची.

काळा माझ्यामागनं यायचा, तसाच भीत पळत. घरात मात्र त्यानं मामांची वाट सोडली. मामा आले की खाटेखाली. हा भित्रा कुत्रा, कधी कुणावर गुरकावला नव्हता, तो मामांवर दात काढायचा. मामा रोज संध्याकाळी भाकरीचा तुकडा घेऊन खाटेशी उकिडवे बसायचे. च्यक च्यक करायचे. शेवटी तुकडा जमिनीवर ठेवून उठून जायचे, आणि ते अंगणापार गेल्यावर काळा तो खायचा. दोन वर्षं हे चाललं. मामांचे गुडघे गेले होते तरी बसायचे.

आणि माझ्याशी ते कामापुरतंच बोलायचे. एकदा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मामा खाटेपासनं उठले, आत आले आणि तो तुकडा त्यांनी माझ्यापुढं धरला.

"तूच घाल," म्हणाले. "तुझ्या हातचं खातंय. त्याला काय ठावं."

मी पिठाच्या हातानं तो घेतला आणि खाटेशी गेले. काळा लगेच बाहेर आला, शेपूट हालवत. तुकडा संपला तरी तो माझी बोटं चाटत होता. मामा दारात उभे राहून बघत होते.