अजून एक पाऊल

आमच्या देऊळघाटात कोणाकडे कार्यक्रम असला की फोटो काढायला तेच येतात. सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणतात. बोलतानाही ते एक डोळा बारीक करतात आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "थांबा" म्हणतात.

यंदा त्यांचा मोठा कॅमेरा बिघडला. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला ते दुसराच, लहान कॅमेरा घेऊन आमच्या वावरात आले. आम्ही चौदा जण ओळीनं उभे राहिलो, पण कडेच्या मावश्या काही फोटोत येईनात.

"काऊन भाऊ? लेन्स तर जुनीच हाये ना?" मी विचारलं.

"थांबा. लेन्स तीच हाये, पन याचा सेन्सर लहान हाये. कडेचं सारं कापून टाकते. पन्नास एमएमची लेन्स याच्यावर पंच्याहत्तरसारखी वागते, सारं जवळ दिसते. मले मांगं जा लागते."

कॅमेऱ्याला डोळा लावून ते मागं सरकू लागले. "थांबा, अजून एक पाऊल." त्यांच्या मागं आमची कठडा नसलेली विहीर होती. ते माझ्या ध्यानात आलं. पण ओरडलो तर दचकून पडतील, असं वाटलं. कोणीच हललं नाही. त्यांची टाच काठावर आली, एक दगड सुटला आणि खाली पाण्यात वाजला.

भाऊ जागीच थिजले, पण बटण दाबलं गेलं. मग चार पावलं पुढं येऊन ते मातीत बसले. पाण्याचा गडू त्यांनी एका दमात रिकामा केला.

तो फोटो आमच्या घरात लावलाय. चौदाही जण त्यात नीट बसलेत. कॅमेऱ्याकडे मात्र एकजणही बघत नाही.