मामाची शिट्टी

शिट्टीवर संसार करणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच होता, तो म्हणजे माझा मामा. त्या काळी बायकोला नावानं हाक मारायची सोय नव्हती, ‘अगं ए’वर भागवायचं. मामाला तेही पटायचं नाही. “अगं म्हनून म्हशीला बोलवायचं, बायकूला न्हाय,” असं तो भर पंगतीत सांगायचा. कचेरीतून येताना तो गल्लीच्या कोपऱ्यावर शिट्टी घालायचा आणि घरात मामी चहाचं आधण ठेवायची. आमटीत मीठ कमी पडलं की आखूड शिट्टी, पाहुणे आले की लांब, आणि भांडणानंतरची तर इतकी केविलवाणी, की शेजारणीच मामीला म्हणायच्या, “घे की बाई आता त्येला घरात.”

एकदा मामा चंदगडहून एसटीच्या खिडकीला गाल लावून झोपून आला आणि दुसऱ्या सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूनं गळायला लागलं. डावा डोळा मिटेना, तोंड उजवीकडं ओढलेलं. “वारं गेलं तोंडावरनं,” असं गल्लीनं ठरवून टाकलं. कुणीतरी अर्धांग म्हणालं आणि मामीनं हंबरडाच फोडला. डॉक्टरांनी मामाला भुवया उडवायला सांगितल्या. उजवी चढली, डावी ढिम्म. “मेंदूचा झटका असता तर सहसा कपाळ दोन्हीकडं हललं असतं, आणि हातपायही धड आहेत,” डॉक्टर म्हणाले. “ही चेहऱ्याची नस सुजलीय. का सुजते, ते आम्हालाही नेमकं सांगता येत नाही. बहुतेक बरं होईल, पण महिने लागतील.” डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी, गालाला शेक, आणि आरशासमोर गाल फुगवून शिट्टीचा सराव.

शिट्टी हेच औषध म्हटल्यावर मामी आरसा धरून समोर बसायला लागली. शिट्टी कसली, नुसती फुस्सकन हवा जायची. वैतागून मामानं कोपऱ्यावर सायकलची घंटी वाजवली, तर ही जागची उठेना. “घंटीला दूधवालाबी येतोय. शिट्टी घाला, मग चहा!” मामा अर्ध्या तोंडानं हसला. पुढं पुढं मात्र बिचारी त्या फुस्सलाच शिट्टी मानून आधण ठेवायची.

त्याच पावसाळ्यात मामीला तापानं धरलं आणि तो उतरेचना. एका दुपारी ती हाकेला ओ देईनाशी झाली. मामा तिच्या कानाशी वाकला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं. मामीचं नाव पार्वती. पण ‘प’ म्हणायला ओठ मिटावे लागतात, आणि मामाचे मिटत नव्हते. “फ्... फ्...” नुसती हवाच गेली.

मामीनं डोळे न उघडता विचारलं, “आलासा व्हय? ठेवते की चहा.”

त्यानंतर ती बोलली नाही.

मामाचा चेहरा डॉक्टर म्हणाले तसा हळूहळू सुधारला. फक्त हसला की डावा डोळा आपोआप मिटायचा आणि लग्नकार्यात बायका भलताच समज करून घ्यायच्या. पण तो हसायचाच कमी. शिट्टीही यायची, ती मात्र त्यानं पुन्हा कधी घातली नाही. कोपऱ्यावर सायकलवरून उतरायचा आणि कुणी नाही असं पाहून हळूच “पार्वती” म्हणायचा. एकदा मी मागून येत होतो, तेव्हा ऐकलं. ‘प’ अगदी स्वच्छ आला होता, आणि मला त्याचंच फार वाईट वाटलं.