घटाला बसलेली माळढोक

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बायको म्हणाली, "आजच्या दिवशी तरी त्या पाखरांना सुट्टी द्या की!" मी गुपचूप रेनकोट चढवला. काय सांगणार? सहा वर्षं मैंदर्गीकडचा माळ तुडवतोय आणि सहा वर्षांत एकही माळढोक दिसलेला नाही. पूर्वी एका सकाळी चार-चार दिसायचे. आता कुणी चौकशी केली की मी डाफरतोच. पण आदल्या संध्याकाळी तिथल्या ओळखीच्या धनगराचा फोन आला होता. "साहेब, तुमचं पाखरू हाय हितं. अंड्यावर बसलंय. या की."

शहरातल्या सात रस्ता चौकातून निघालो तेव्हापासून पाऊस. परतीचा म्हणे! दिवाळी आली तरी मेला परत जाईना. माळावर पोचेपर्यंत मोजे भिजले, दुर्बिणीची काच धुरकटली आणि गाडी चिखलात दोनदा आडवी झाली.

धनगर घोंगडी पांघरून वाट बघत होता. ह्याच माणसाला मी त्याच्या कुत्र्यांपायी कितीदा वाट्टेल ते बोललो होतो. त्यानं नुसतं बोट दाखवलं. कुसळी गवतात तपकिरी पाठ, वर ताठ राखाडी मान. मादी! चिंब भिजलेली, पण जागची हलत नव्हती. इतका आनंद झाला की मी त्या माणसाला मिठीच मारली.

"नर दिसला का कधी?"

"न्हाय. पन अंडं हाय म्हंजे असंलच की कुटंतरी."

"कधीपासून बसलीय?"

"घट बसले त्या दिवसापासनं. आमच्यात घटाला बसलेल्या बाईला कुनी उठवत न्हाय. म्हनून मेंढरं तिकडं सोडलीच न्हाईत."

मी बोटांवर दिवस मोजले. महिना होत आला होता. माळढोकाचं अंडं चार आठवड्यांत फुटतं. आणि ह्या भागात नर कुणाला दिसून कितीतरी वर्षं झाली. नराशिवाय घातलेलं अंडं म्हणजे पोल्ट्रीतल्या कोंबडीचं अंडं, त्यात पिल्लू नसतंच.

"मग कवा निघंल पिल्लू?"

"निघेल की," मी म्हणालो. "गारव्यानं उशीर होतोय." चक्क थाप मारली.

"व्हय? मग अजून आठ दिस ऱ्हातो हितंच."

तेव्हा कुठं माझं त्याच्या मेंढरांकडं लक्ष गेलं. चांगला उतार, कोरडी जागा, गवत, सगळं त्या मादीच्या बाजूला. मेंढरं खाली ओढ्याकाठच्या राडीत. खूर सडून निम्मी लंगडत होती. माझी मलाच लाज वाटली. सगळं सांगून टाकलं. चिडूनच सांगितलं, कुणावर चिडलो होतो कोण जाणे.

त्यानं मादीकडं पाहिलं. घोंगडीवरून पाणी गळत होतं. मग म्हणाला, "तिला ठावं हाय का हे?"

"नाही."

"मग? ती बसलीया तवर मी कसा उठवू?"

उताराकडं निघालेल्या चार मेंढ्यांना त्यानं हाळी दिली आणि परत राडीकडं वळवलं.