नववी बाटली चांगली निघाली

माझे धाकटे दीर बाटलीबंद ग्रीन टीच्या कारखान्यात चव घेणारे. बावीस वर्षं तेच काम. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं. मी म्हणायचे, "भाऊजी, थुंकण्याचा पगार घेणारे आपल्या घरात तुम्हीच."

गेल्या महिन्यात त्यांना ताप आला. उतरल्यावर कामावर गेले, ते लागोपाठ सगळा माल नापास करत सुटले. "नुसतं पाणी आहे," म्हणायचे. मालकांनी घरी बसवलं. जिभेला काही झालंय, हे भाऊजी ऐकूनच घेईनात. "हल्ली चांगला चहा बनतच नाही कुठे," हा एकच हेका. दुकानं पालथी घालून रोज वेगळ्या कंपनीची बाटली आणायचे. त्यांना एक जरी चांगली लागली असती, तर जीभ शाबूत ठरली असती.

आठ बाटल्या पाणीच निघाल्या. धाकटी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, वैतागली. "जाऊबाई, आता तुम्ही चाखा. यांच्या नादाने घराची पाणपोई झालीय."

मला तो चहा म्हणजे औषध. तरी बसले. भाऊजी समोर वही-पेन घेऊन, कारखान्यात बसत तसे.

"आधी काय लागतं, वहिनी?"

"कडू."

"घशात राहतं?"

"नाही बाई, लगेच जातं. मागाहून जरासं गोड. साखरेचं नाही, मटाराची कोवळी शेंग चावल्यावर लागतं ना, तसं."

त्यांचं पेन थांबलं. "जीभ खरखरीत झाली असेल. हलक्या चहाने होते."

"छे."

"नीट सांगा. थोडी तरी?"

"अजिबात नाही हो." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं बोलणं लिहून घेत होतं, मी आपली रंगात आलेली. मग त्यांच्या उतरलेल्या तोंडाकडे लक्ष गेलं.

"भाऊजी, मला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच खरं सांगितलंत." त्यांनी स्वतः एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला. मग वही मिटून ठेवली.

"उद्या दहावी आणू या," जाऊ म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता तिचा.

"नको. मालकांना फोन लाव. दुसरा माणूस बघा म्हणतो."

ते आत जाऊन फोनवर बोलत होते, तोवर उरलेली बाटली मी प्यायले. टाकवेना. चांगली होती, काय करणार.